दुधनेच्या काठी समुद्राची रेंज

अक्काच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर चतुर्थी-एकादशीच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरं लिहिलेली असतात: ब, ब, स, ब, स, स, ब. पाहुण्यांना वाटतं, दुधाचा हिशेब असेल. हिशेब बोटीचा आहे. ब म्हणजे बंदर, स म्हणजे समुद्र. ‘ब’च्या दिवशी पोरगं खाली उतरलं तर फुकटच्या वायफायवर पोटभर बोलतं. ‘स’च्या दिवशी बोटीचं विकतचं इंटरनेट, म्हणजे मोजून-मापून. महिन्याचं वेळापत्रक तो आधीच पाठवतो. अक्का चष्मा लावून ते कॅलेंडरवर उतरवते आणि मग स्वयंपाकाला लागते.

हे घर आहे परतूरला. जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. १९८१ च्या १ मेपर्यंत आम्ही परभणीचे होतो, त्या दिवशी नवा जिल्हा झाला आणि जालन्याचे झालो. कापूस, तूर, सोयाबीन, मोसंबी. उन्हाळ्यात टँकर. समुद्र बघायचा तर रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबई. गावाजवळून वाहणारी दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी सगळं घेऊन जाते ती थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमचं पाणीसुद्धा मुंबईच्या समुद्राकडे जात नाही. अशा गावातला माझा भाचा, अक्काचा मुलगा, गेली सात वर्षं क्रूझवर खोल्या आवरतो.

हॉटेल मॅनेजमेंट औरंगाबादला केलं (तेव्हा औरंगाबादच म्हणत), मग मुंबईत आग विझवण्यापासून पोहण्यापर्यंतचं सक्तीचं प्रशिक्षण, खलाशाचं सीडीसी पुस्तक, अमेरिकेचा व्हिसा, आणि एक दिवस ‘साइन ऑन’. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, दोन महिने घरी, पुन्हा साइन ऑन. गावात अजूनही काही लोकांना वाटतं की तो नेव्हीत आहे. अक्कानं समजावणं सोडून दिलं आहे.

त्यानं पाठवलेल्या पहिल्या फोटोत बोटीच्या माथ्यावर मोठाले पांढरे घुमट होते. अक्का बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “एवढ्या पाण्यात पाण्याच्या टाक्या कामून ठेवल्यात रे?” टँकरच्या गावातला रास्त प्रश्न. त्या टाक्या नव्हेत. त्या घुमटांच्या आत तबकड्या असतात, आणि बोट डोलली, वळली तरी त्या मोटारींच्या जोरावर आकाशातल्या एकाच ठिपक्याकडे तोंड धरून राहतात. समुद्रातून परतूरला येणारा प्रत्येक फोन त्या घुमटातून निघतो.

तो ठिपका कुठं आहे, यावर सगळं अवलंबून. जुनी पद्धत भूस्थिर उपग्रहांची. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर ते असतात, म्हणून जमिनीवरून एकाच जागी थांबल्यासारखे दिसतात. आता हिशेब करा. “जेवलास का?” हा प्रश्न जमिनीवरून वर गेला, खाली बोटीवर आला, “हो” हे उत्तर पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. चार फेऱ्या, एक लाख चाळीस हजार किलोमीटरांहून जास्त. प्रकाशाच्या वेगानंही अर्धा सेकंद जातो, वर यंत्रांचा वेळ वेगळा. अर्धा सेकंद ऐकायला काहीच नाही. पण बोलताना तेवढ्या वेळात माणूस दुसरं वाक्य सुरू करतो, मग दोघंही एकदम बोलतात, मग दोघंही एकदम थांबतात. “बोल, बोल.” “नाही, तू बोल.” सुरुवातीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अक्का आणि भाच्याचं निम्मं बोलणं हेच होतं.

नंतर ठिपके खाली आले. सुमारे ८,००० किलोमीटरवरच्या ओथ्रीबीच्या उपग्रहांचं इंटरनेट २०१४ पासून काही मोठ्या क्रूझवर आलं. आणि २०२२ पासून स्टारलिंक, जे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतं. रॉयल कॅरेबियननं त्याच वर्षी आपल्या ताफ्यावर ते बसवायचं जाहीर केलं, पाठोपाठ इतर कंपन्याही गेल्या. अंतर इतकं घटल्यावर ते अडखळणं गेलं. भाचा म्हणतो, आता समुद्रातून घरचा चेहरा नीट दिसतो. दिसत नाही तो परतूरची लाइट गेल्यावर. हे अगदी खरं आहे. अटलांटिकमधून फोन सुरळीत येतो आणि आमच्याकडे वायफायचा डबा बंद पडलेला असतो, टॉवरची बॅटरी उतरलेली असते. “आवाज येईना, आवाज येईना” असं अक्का ओरडते तेव्हा दोष सात समुद्रांपलीकडचा असेल असं तिला वाटतं. बहुतेक वेळा तो आमच्या गल्लीतल्या डीपीचा असतो.

तरी बोटीवरचं इंटरनेट घरच्यासारखं नाही. हजारो प्रवासी आणि हजार-दीड हजार कर्मचारी एकाच नळाला तोंड लावून असतात. रात्री जेवणं झाल्यावर सगळा प्रवासी वर्ग एकदम फोटो चढवायला बसतो, तेव्हा धार बारीक होते. कर्मचाऱ्यांच्या खोल्या खालच्या मजल्यांवर, काही पाण्याच्या रेषेच्याही खाली, भोवती पोलादी भिंती. तिथं वायफाय झिरपत झिरपत पोचतं. म्हणून पोरं कॉरिडॉरमध्ये, जिन्यात, जिथं रेंज असेल तिथं भिंतीला टेकून उभी राहतात. अलास्का किंवा नॉर्वेसारख्या उत्तरेकडच्या भागात भूस्थिर उपग्रह क्षितिजावर इतका खाली उतरतो की फिऑर्डमधला एखादा डोंगर आडवा आला की झालं. प्रवासी वर डेकवर त्याच डोंगराचे फोटो काढत असतात.

आणि घड्याळ. माझ्या मते रेंजपेक्षा घड्याळाचा जाच मोठा. हिवाळ्यात बोट फ्लोरिडाहून कॅरिबियन बेटांवर जाते. तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेदहा तास. भाच्याची रात्रीची पाळी दहाच्या सुमारास सुटते तेव्हा परतूरला सकाळचे साडेआठ. ही वेळ झकास: अक्काचा पहिला चहा झालेला, दाजी शेताला निघायच्या बेतात, भाकरीचा तवा चुलीवरून उतरलेला. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि हात चालू ठेवून बोलायचं. पण एप्रिलमध्ये बोट युरोपला निघते. अटलांटिक ओलांडायला दोन आठवडे, आणि त्या दोन आठवड्यांत सहा वेळा रात्री घड्याळ एकेक तास पुढं. प्रवाशाचं काय, एक तास झोप कमी. ज्याला पहाटे उठून खोल्या आवरायच्या त्याच्या रोजच्या पाच-सहा तासांतला तो तास जातो. भूमध्य समुद्रात पोचेपर्यंत साडेदहाचा फरक साडेतीन तासांवर आलेला असतो. (अमेरिकेचं घड्याळही मध्ये तासभर सरकतं, ते वेगळंच.) मग त्याची पाळी सुटते तेव्हा परतूरला रात्रीचा दीड. दुपारची सुट्टी मिळते तेव्हा इथं संध्याकाळ, आणि त्याला त्या दोन तासांत झोपायचं असतं. उन्हाळ्याचे सहा महिने म्हणून माय-लेकाचं बोलणं व्हॉइस मेसेजवर चालतं. ती सकाळी बोलून ठेवते, तो मध्यरात्री ऐकतो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त रेडिओ ऑफिसर आहेत, मालवाहू जहाजांवर आयुष्य गेलं. त्यांना हे सांगितलं तर ते हसतात. त्यांच्या काळात समुद्रातून घरी बोलायचं म्हणजे किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रामार्फत ट्रंक कॉल लावायचा. मुंबईच्या केंद्राची खूण ‘व्हीडब्ल्यूबी’. नंबर लागला की एकानं बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं, मग दुसऱ्यानं. त्या लहरीवर कान लावून बसलेलं कुठलंही जहाज ते ऐकू शकत असे. नव्यानं लग्न झालेला थर्ड इंजिनिअर आणि त्याची बायको काय बोलणार? “सगळं ठीक आहे ना? ओव्हर.” “ठीक आहे. ओव्हर.” १९९९ च्या १ फेब्रुवारीला मोर्सचा काळ अधिकृतपणे संपला, जहाजांवर उपग्रहांची नवी सुरक्षा यंत्रणा सक्तीची झाली आणि हळूहळू त्यांचं पदच गेलं.

त्याआधी तर काहीच नव्हतं. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोटीवर चढल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. मधल्या दोन महिन्यांत गोपाळरावांना बायकोचं कळणार ते पत्रातून, आणि पत्र बंदराला लागणार, उलट्या बोटीनं परत येणार. बिनतारी यंत्र आलं ते विसाव्या शतकाच्या तोंडाशी, आणि बोटीवर आल्या आल्या श्रीमंत प्रवाशांनी ते खुशालीच्या निरोपांसाठी वापरायला सुरुवात केली. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकचा ऑपरेटर असल्याच निरोपांचा गठ्ठा किनाऱ्याला पाठवत होता. शेजारच्या कॅलिफोर्नियन जहाजानं बर्फामुळे आपण थांबलो आहोत असं कळवलं, तर त्यानं त्या जहाजाला गप्प बसायला सांगितलं. बोटीवरच्या गप्पा आणि बोटीची सुरक्षा एकाच तारेवर असली की काय होतं, हे तेव्हाच कळलं.

आपल्याकडचं उदाहरण मात्र याच्या उलटं. १७ जुलै १९४७. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली. गटारी अमावास्येला घरी जाणारी कोकणातली माणसं, सहाशेहून जास्त मेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई बंदर हाकेच्या अंतरावर आणि तिथं कित्येक तास कुणाला पत्ता नाही. पोहून वाचलेले लोक सांगायला आले तेव्हा कळलं. कोकणातली म्हातारी माणसं अजून रामदास म्हटलं की क्षणभर थांबतात. मराठवाड्यात ही गोष्ट फारशी कुणी ऐकलेली नाही, कारण आमच्याकडे बोटच नव्हती.

आता माझ्याकडून झालेला घोळ सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बोट अटलांटिक ओलांडत होती. कॅलेंडरवर ओळीनं स, स, स, स. एका सकाळी अक्काचा फोन: “त्याचं लास्ट सीन परवाचं दिसायलंय.” मी म्हटलं, कामात असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी परतूरला गेलो आणि शहाणपणा करायला गेलो. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं असतं, ते जहाजाचं नाव, वेग, दिशा सतत प्रसारित करतं. मरीन ट्रॅफिकसारख्या ॲपवर जगातली जहाजं नकाशावर हलताना दिसतात. अक्काला म्हटलं, थांब, तुला बोटच दाखवतो. नाव टाकलं. नकाशा उघडला. बोट नव्हती. शेवटचा ठिपका अझोर्स बेटांच्या कितीतरी अलीकडे, खाली वेळ: दोन दिवसांपूर्वीची.

स्वयंपाकघरात एकदम शांतता. दाजींनी पंखा बंद केला, कशासाठी कुणास ठाऊक. मला घाम फुटला. नंतर कळलं ते असं की किनाऱ्यावरचे रिसीव्हर साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरपर्यंतचे संदेश पकडतात. भर महासागरातलं जहाज उपग्रहावरून दिसतं आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. फुकट बघणाऱ्याला मध्यसमुद्रातलं प्रत्येक जहाज गायबच दिसतं. हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. भरती करणाऱ्या एजंटचा नंबर लावला, तो रविवार असल्यानं वाजून वाजून बंद झाला. अक्कानं देव पाण्यात ठेवले.

सोमवारी सकाळी गोव्याच्या कुणा पोराच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. भाचा. मोबाइलची चार्जिंगची पिन खराब झाली होती. एवढंच. बोटीवर दुरुस्तीवाला नाही, बंदर यायला अजून चार दिवस. त्यानं दुसऱ्याचा फोन पहिल्याच दिवशी का मागितला नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, “मामा, पॅकेज ज्याचं त्याचं असतंय. कुणाचं मागायचं?”

मला तेव्हापासून एक गोष्ट पटली आहे. आनंदीबाईंच्या काळात बोटीकडून दोन महिने काही आलं नाही तर त्याचा अर्थ एवढाच, की बोट अजून समुद्रात आहे. रेडिओ ऑफिसरच्या बायकोला महिनाभर फोन आला नाही तर ती शेजारणीला ‘जहाज लांब गेलंय’ असं सांगून मोकळी व्हायची. आता गप्प राहण्याला अर्थ चिकटला आहे. निळी खूण आली नाही, लास्ट सीन पुढं सरकलं नाही, की घरातल्यांच्या पोटात गोळा. इंटरनेट जितकं चांगलं होत गेलं तितका हा घोर वाढला, कमी झाला नाही. अक्का फोन करत नाही त्या वेळीही दिवसातून वीसदा त्याचं नाव उघडून बघते. नाडी बघावी तसं.

प्रवाशांचा प्रश्न वेगळा आणि खरं तर सोपा, तरी आम्ही त्यातही पडलो. मी आणि बायको मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर हौसेनं गेलो होतो. संध्याकाळी बोट सुटली, मुंबईचे दिवे मागे गेले, फोनवरच्या काड्या एकेक करून उतरल्या, आणि थोड्या वेळानं पुन्हा भरल्या. मला वाटलं, अलिबागची रेंज. ती बोटीच्या स्वतःच्या मोबाइल टॉवरची होती. किनारा दूर गेला की बोटी तो सुरू करतात, आणि आपला फोन बापडा आपोआप त्याला जाऊन चिकटतो. त्याचा दर परदेशी रोमिंगलाही लाजवणारा. बायकोनं बहिणीला सूर्यास्त दाखवला, आठ-दहा मिनिटं. महिनाअखेरीस बिल आलं तेव्हा सूर्यास्ताची किंमत कळली. मोबाइल कंपनीच्या माणसानं शांतपणे सांगितलं, “काका, फ्लाइट मोडवर टाकायचा असतो.” बोटीवर चढताच फ्लाइट मोड, मग हवं तर बोटीचं वायफाय वेगळं चालू करायचं. एवढं एक वाक्य तिकिटावर ठळक छापलं तर किती सूर्यास्त स्वस्तात पडतील.

आणखी एक, परदेशातून क्रूझनं मुंबईला येणाऱ्या नातेवाइकांसाठी: सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात बाळगणं गुन्हा आहे. २६/११ चे हल्लेखोर ‘कुबेर’ ट्रॉलरवर असाच फोन टाकून गेले होते. तेव्हापासून या बाबतीत कुणी थट्टा ऐकून घेत नाही.

भाच्याच्या नोकरीतला सर्वांत वाईट काळ २०२० चा, करोनाचा. त्या फेब्रुवारीत डायमंड प्रिन्सेस ही बोट जपानच्या योकोहामा बंदरात अडकली. ३,७११ माणसं, त्यात १३८ भारतीय, आणि त्यातले १३२ कर्मचारी. प्रवासी खोल्यांत बंद, आणि कर्मचारी त्यांना जेवण पोचवत, स्वतः दाटीच्या खोल्यांत झोपत. त्यांनी मोबाइलवर काढलेले मदत मागणारे व्हिडिओ भारतातल्या वाहिन्यांवर फिरले, आणि महिनाअखेरीस खास विमानानं ११९ भारतीयांना दिल्लीला आणलं गेलं. ते व्हिडिओ बाहेर आले नसते तर त्यांच्याकडे एवढ्या लवकर कुणाचं लक्ष गेलं असतं का, मला शंका आहे. पुढं जगभरच्या बोटी प्रवासी उतरवून समुद्रात नांगर टाकून बसल्या, कर्मचारी आत. मुंबईबाहेर मरेला डिस्कव्हरीवर दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचारी डोळ्यांसमोर घर दिसत असताना अडकले होते, त्यांना २३ एप्रिलला उतरू दिलं. भाचा अमेरिकेच्या बाजूला अडीच महिने अडकला. कंपनीनं त्या दिवसांत इंटरनेट मोकळं सोडलं होतं. तो तासन्‌तास बोलायचा. बोलायला काही नसायचं, म्हणून अक्का फोन ओट्यावर ठेवून द्यायची आणि तो तिकडून नुसता फोडणीचा आवाज ऐकायचा.

त्या अनुभवानंतर कायदा हलला. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ चा. भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे: जहाजमालकानं शक्य तेवढं खलाशांना इंटरनेट द्यावं, आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यावेत. बंदरांतही तशीच सोय असावी. या करारात बोटीवर खोल्या झाडणारा, भांडी घासणारा, पियानो वाजवणारा, सगळेच खलाशी. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे मात्र लिहिलेलं नाही, आणि सगळी घासाघीस तिथंच आहे. बंदरातल्या सोयीचंही तसंच. बोट बंदराला लागली तरी काही कर्मचाऱ्यांना सुरक्षेसाठी आतच थांबावं लागतं. ज्या दिवशी पाळी येते त्या दिवशी ‘ब’ असूनही ‘स’. दुबईला तर गंमतच. तिथं व्हॉट्सॲपवरून बोलण्यावर बंदी, त्यामुळे किनाऱ्यावरचं फुकटचं वायफाय असून फोन लागत नाही आणि माणूस परत बोटीवर येऊन विकतचं घेतो.

तालुक्यातली आणखी काही पोरं आता या वाटेला लागली आहेत. भाच्याला बघून, दुसरं काय. त्यांच्या घरच्यांना मी दोन-तीन कामं सांगत असतो, इथंही सांगतो. पोरगं निघण्याआधी एजंटकडे खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना आहे का ते डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तपासा. नसेल तर एक रुपयाही देऊ नका. बोटीचं नाव आणि तिचा सात आकडी आयएमओ क्रमांक लिहून घ्या. बोटीचं नाव बदलतं, हा आकडा बदलत नाही. कंपनीचा चोवीस तास चालणारा तातडीचा नंबर मागा, एजंटचा नव्हे. पोराला सांगा, दोन सहकाऱ्यांचे नंबर घरी दे. आणि बोलायचा एक वार ठरवा. रोज बोलणं नको, पण ठरलेल्या वारी हमखास. मधले दिवस गप्प गेले तर ते नुसते गप्प गेले, असं समजायला शिका. अक्काला हे मी गेली दोन वर्षं सांगतो आहे. ती हो म्हणते, आणि मी उठून गेलो की फोन उघडते.

यंदा बोट लवकर कॅरिबियनला गेली आहे. अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे घेते, तोवर भाच्याचा रात्रीचा फोन परतूरला साडेसातला येईल, त्यानंतर साडेआठला. लक्ष्मीपूजनाच्या चौकटीत अक्कानं ‘स’ लिहिला आहे.